संशयाविना झडती

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, राजधानीपासून सुमारे 40 मैलांवर, टेकम्सी नावाचे एक लहान गाव आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आक्रमणाविरुद्ध आदिवासी जमातींची एकजूट बांधणाऱ्या आणि 1813 साली रणांगणात पडलेल्या शॉनी नेत्याचे नाव ह्या गावाला दिलेले आहे. तेथील शाळा मंडळाने 1998 साली एक नियम केला. अभ्यासेतर स्पर्धात्मक उपक्रमांत भाग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने मादक द्रव्यांच्या तपासणीसाठी लघवीचा नमुना देण्यास लेखी संमती दिली पाहिजे. उपक्रमात प्रवेश घेण्यापूर्वी एकदा, आणि पुढे जेव्हा जेव्हा चिठ्ठीत नाव निघेल तेव्हा तेव्हा. त्यासाठी कोणावर कसलाही संशय असण्याची आवश्यकता नाही. मूल बंद दाराआड नमुना देत असे, शिक्षक दाराबाहेर उभे राहून लघवीच्या आवाजाकडे कान देत असत, आणि मग तो नमुना दोन बाटल्यांत भरून, मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना होत असे.

स्पर्धात्मक उपक्रम म्हटले की डोळ्यांपुढे फुटबॉलचे मैदान येते. टेकम्सीच्या नियमात मात्र गायनवृंद होता, बँड होता, प्रश्नमंजूषेचा संघ होता, शेतीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांची संघटना होती आणि गृहशास्त्राच्या विद्यार्थिनींचे मंडळदेखील होते. ह्या शाळेतील लिंडसे अर्ल्स ही मुलगी गायनवृंदात गात असे, बँडमध्ये वाजवीत असे आणि गुणवंत विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय मंडळाची सभासदही होती. तिने आणि तिच्या पालकांनी ह्या नियमास 1999 साली न्यायालयात आव्हान दिले. वाजवी कारणाशिवाय व्यक्तीची झडती घेण्यास मज्जाव करणारी अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती शाळेच्या फाटकाशी येऊन थांबते काय, हा तिचा प्रश्न होता. अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. 27 जून 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरविला, आणि तो निर्णय आजही कायम आहे.

शाळेत व्यसनाचा प्रश्न होता तरी किती? नियम करण्यापूर्वीच्या वर्षांत ह्याच शाळेने केंद्र सरकारकडे धाडलेल्या कागदपत्रांत वारंवार असे नमूद केले होते की, दारू व तंबाखू वगळता इतर मादक द्रव्ये शाळेत आढळतात, परंतु ती मोठी समस्या म्हणून पुढे आलेली नाहीत. नियम लागू झाल्यावर शेकडो मुलांच्या तपासण्या झाल्या आणि दोषी आढळलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बहुमताचे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस ह्यांना ह्यात काही अडचण दिसली नाही. देशभर मादक द्रव्यांची साथ आहे, तेव्हा विशिष्ट शाळेने आपल्या येथील समस्या सिद्ध करण्याचे कारण नाही, असे त्यांनी ठरविले. खेळाडू मुले मादक द्रव्यांच्या अमलाखाली खेळली तर इजा होण्याचा धोका असतो, हा युक्तिवाद पूर्वी करण्यात आला होता. गाणाऱ्या मुलीला गाताना कोणती इजा होणार? न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्झबर्ग ह्यांनी आपल्या विरोधी मतपत्रात ह्या धोक्याची खिल्ली उडवली: गृहशास्त्राच्या वर्गातील सुऱ्याकाटे, शेतीच्या विद्यार्थ्यांची गुरेढोरे आणि बँडमधील अवजड वाद्ये ह्यांनी गावात हाहाकार माजविल्याचे चित्र त्यांनी उभे केले. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता. अभ्यासेतर उपक्रमांत रमलेली मुले व्यसनाकडे वळण्याची शक्यता इतरांहून कमी असते. म्हणजे ज्यांना धोका सर्वांत कमी, त्यांनाच नेमके तपासणीसाठी निवडण्यात आले होते.

अशी उलटी निवड का झाली, हे समजून घ्यावयाचे तर हा मार्ग कोठून सुरू झाला ते पाहावे लागते. तो शाळेत सुरू झाला नाही. तो कामगारांपासून सुरू झाला. 1981 साली संपावर गेलेल्या 11,000 हून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना एका फटक्यात बडतर्फ करणारे अध्यक्ष रेगन ह्यांनीच 15 सप्टेंबर 1986 रोजी केंद्र सरकारच्या संवेदनशील जागांवरील नोकरांच्या मूत्रतपासणीचा आदेश काढला. केंद्रीय अमली पदार्थ विभागाचे माजी प्रमुख पीटर बेन्सिंगर आणि व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेचे माजी संचालक रॉबर्ट ड्युपाँट ह्यांनी तर सरकारी पदे सोडल्यानंतर कंपन्यांना ह्याच विषयात सल्ला देण्याची पेढी काढली. रेल्वे अपघातानंतर इंजिनचालक व इतर कामगारांची सरसकट तपासणी करण्याच्या नियमाविरुद्ध रेल्वे कामगारांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि 1989 साली हरल्या. त्याच दिवशी सीमाशुल्क खात्यातील कर्मचाऱ्यांची संघटनाही हरली. रेल्वेच्या खटल्यात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल ह्यांनी बजावले होते की, मादक द्रव्यांविरुद्धच्या ह्या युद्धात पहिला बळी नागरिकांच्या स्वातंत्र्याचा पडेल. सीमाशुल्काच्या खटल्यात न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया ह्यांनीही विरोधी मत दिले. केवळ प्रतीकात्मक देखाव्यासाठी माणसाच्या प्रतिष्ठेची आहुती दिली जात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सहाच वर्षांनी, 1995 साली, ओरेगॉन राज्यातील व्हर्नोनिया ह्या लाकूडतोडीच्या गावातील शाळकरी खेळाडूंची तपासणी वैध ठरविणारे निकालपत्र लिहिले ते ह्याच स्कॅलिया ह्यांनी! खेळाडू एकमेकांसमोर कपडे बदलतात, तेव्हा त्यांना खाजगीपणाची अपेक्षा ती कितीशी, असा त्यांचा तर्क होता. तेथे निदान शाळेत बेशिस्त माजल्याचा आणि खेळाडूच व्यसनात पुढे असल्याचा पुरावा मांडण्यात आला होता. टेकम्सीपर्यंत येता येता पुराव्याची तेवढीही गरज उरली नाही. रेल्वेचा इंजिनचालक, मग खेळाडू, मग गायनवृंदातील मुलगी: अपवाद म्हणून उघडलेले दार दर वेळी थोडे अधिक रुंद होत गेले.

ते एका ठिकाणी मात्र घट्ट मिटले गेले, आणि ती जागा फार बोलकी आहे. जॉर्जिया राज्याने 1990 साली कायदा केला की, राज्यातील प्रमुख पदांसाठी निवडणूक लढविणाऱ्या उमेदवारांनी मादक द्रव्यांची तपासणी करून घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली आठ विरुद्ध एक मताने हा कायदा रद्द केला. कारण काय, तर जॉर्जियातील राजकारणी व्यसनी असल्याचा पुरावा राज्याने दिलेला नाही, आणि केवळ समाजापुढे आदर्श ठेवावा एवढ्यासाठी कोणाच्या शरीराची झडती घेता येत नाही. निकाल रास्तच होता. परंतु राज्यपालपदाच्या उमेदवाराला जे संरक्षण पुराव्याअभावी मिळाले, तेच संरक्षण पाच वर्षांनी टेकम्सीच्या मुलांना पुराव्याअभावीही मिळाले नाही. उमेदवारापाशी पक्ष असतो, वकील असतो, वृत्तपत्रे असतात. चौदा वर्षांच्या मुलापाशी घरी नेऊन सही करून आणावयाचा एक छापील कागद असतो.

ह्या सहीचा मोठा बडेजाव करण्यात आला. कोणावर सक्ती नाही. ज्याला तपासणी नको त्याने उपक्रमात भाग घेऊ नये, असे सांगण्यात आले. ही भाषा कामगार चळवळीला परकी नाही. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या कामगारालाही असेच सांगितले जाते की करार तुझ्या खुशीचा आहे, अटी पसंत नसतील तर दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे कोठे, हे कोणी सांगत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण अतोनात महाग आहे. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात केवळ गुण पाहिले जात नाहीत. खेळ, संगीत, वक्तृत्व, सामाजिक कार्य ह्यांची नोंद पाहिली जाते. धनिकाच्या मुलाला खाजगी क्लब आहेत, घरी येणारा संगीतशिक्षक आहे, शुल्काची चिंता नाही. ओक्लाहोमातल्या एखाद्या शेतमजुराच्या किंवा ट्रकचालकाच्या मुलीसाठी सरकारी शाळेचा बँड आणि सरकारी शाळेचा संघ हीच काय ती शिडी असते. तिने आपल्या खुशीने बाटली हाती घेतली असे म्हणणे म्हणजे खुशी ह्या शब्दाची थट्टा होय. शिवाय गुपित राखण्याची जी हमी दिली गेली तिचे काय झाले, तेही खटल्यात पुढे आले. मुले कोणती औषधे घेतात ह्याची यादी गायनाच्या शिक्षिकेने इतर मुलांना दिसेल अशी उघडी ठेवली, अशी तक्रार होती. न्यायालयाने ती किरकोळ ठरविली. मनोविकारावर वा अपस्मारावर औषध घेणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ती किरकोळ वाटली असती काय?

ह्या सर्व प्रकारामागे काही पालकांची खरी काळजी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. व्यसनाने कष्टकऱ्यांच्या घरांचा जितका विध्वंस केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल, आणि मुलगा वाया जात आहे हे असहायपणे पाहणाऱ्या आईला घटनेतील कलमांनी धीर येत नाही. तेव्हा तपासणीने मुले वाचतात काय, हा प्रश्न सरळपणे विचारलाच पाहिजे. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे 76,000 विद्यार्थ्यांच्या माहितीवरून 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी करणाऱ्या शाळांतील बारावीच्या 37 टक्के विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षात गांजा ओढला होता. तपासणी न करणाऱ्या शाळांत हे प्रमाण 36 टक्के होते. तरीही 2004 च्या जानेवारीत अध्यक्ष बुश ह्यांनी संसदेपुढील भाषणात शालेय तपासणीसाठी आणखी 2 कोटी 30 लक्ष डॉलर मागितले. सरकारच्याच शिक्षण खात्याने 36 शाळांचा अभ्यास करविला, त्याचा अहवाल 2010 साली आला. तपासणीच्या कक्षेतील मुलांपैकी 16 टक्क्यांनी गेल्या महिन्यात मादक द्रव्य घेतल्याचे सांगितले. तपासणी नसलेल्या शाळांतील तशाच मुलांत हे प्रमाण 22 टक्के होते. हा फरक मान्य केला पाहिजे. परंतु पुढे मादक द्रव्ये घेण्याच्या इराद्यात काही फरक आढळला नाही, आणि त्याच शाळांतील इतर मुलांवर काहीही परिणाम दिसला नाही. तपासणीमुळे मुले उपक्रम सोडून देतील ही विरोधकांची भीतीही ह्या अभ्यासात खरी ठरली नाही. मुले उपक्रमात राहिली, सही करीत राहिली. बाटली देणे ही शाळेतील एक नित्याची गोष्ट झाली, आणि काळजी करण्यासारखे काही असेल तर ते इथेच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2007 साली आणि पुन्हा 2015 साली शाळांतील अशा तपासण्यांना पाठिंबा देण्यास नकार दिला. शिवाय प्रयोगशाळेचाही एक स्वभाव आहे. गांजाचे अंश लघवीत अनेक दिवस, कधी कित्येक आठवडे टिकतात; दारू काही तासांत निघून जाते. चाणाक्ष मुलाला ह्यातून कोणता धडा मिळतो हे सांगावयास नको.

प्रयोगशाळेच्या नेहमीच्या स्वस्त तपासणीत आणखी एक पदार्थ सहसा सापडत नसे: ऑक्सिकोडोन. ह्याच औषधाची ऑक्सिकॉन्टिन ही गोळी पर्ड्यू कंपनीने 1996 साली बाजारात आणली आणि तिच्याने व्यसन जडण्याचा धोका कमी आहे असे डॉक्टरांना पटवीत तिचा प्रचंड खप केला. टेकम्सीची मुले चिठ्ठीत नाव निघण्याची वाट पाहत होती, नेमक्या त्याच वर्षांत ह्या गोळ्या ओक्लाहोमाच्या खेडोपाडी औषधांच्या दुकानांतून राजरोस विकल्या जात होत्या. 2007 साली कंपनीने व तिच्या तीन अधिकाऱ्यांनी फसव्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्यात आली. तुरुंगात कोणीही गेले नाही. कंपनीचा धंदा चालू राहिला आणि 2020 साली तिने पुन्हा गुन्हा कबूल केला. ओक्लाहोमा राज्याने पर्ड्यूवर खटला भरला तेव्हा 2019 साली 27 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी जॉन्सन अँड जॉन्सन ह्या दुसऱ्या बलाढ्य कंपनीला तेथील न्यायाधीशाने 57 कोटी 20 लक्ष डॉलर भरण्याचा आदेश दिला, जो पुढे 46 कोटी 50 लक्षांवर आणण्यात आला. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशही रद्द केला. सार्वजनिक उपद्रवाचा कायदा एवढा ताणता येत नाही, असे कारण देण्यात आले. चौथी दुरुस्ती मात्र दुसऱ्या दिशेने हवी तेवढी ताणता आली होती.

भारतीय कार्यकर्त्यांना ह्यातील काही ओळखीचे वाटेल. 2018 साली पंजाब सरकारने राज्यातील सर्व सरकारी कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा आदेश काढला, तेव्हा आधी मंत्र्यांची व आमदारांची तपासणी करा, असे उत्तर कर्मचाऱ्यांकडून आले होते. मादक द्रव्यांचा व्यापार कोणाच्या आश्रयाने चालतो हा प्रश्न अडचणीचा झाला की खालच्या माणसाची लघवी मागण्याची कल्पना सरकारांना सुचते, मग तो देश कोणताही असो.

व्हर्नोनियापासून फार दूर नाही, कोलंबिया नदीच्या पलीकडे वॉशिंग्टन राज्यात, वाहकियाकम नावाचा परगणा आहे. तेथील शाळेनेही खेळाडूंची अशीच तपासणी सुरू केली होती. काही पालक न्यायालयात गेले. केंद्रीय घटनेचा मार्ग बंद झाला होता, म्हणून त्यांनी आपल्या राज्याच्या घटनेचा आधार घेतला. मार्च 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्याच्या घटनेनुसार संशयाविना मुलांची अशी झडती घेता येणार नाही, आणि तेथील शाळेला चिठ्ठ्या काढणे थांबवावे लागले. इतर अनेक राज्यांत मात्र नियमाची व्याप्ती वाढतच गेली आहे; कित्येक शाळांत तर आवारात मोटार उभी करण्याची परवानगी मागणाऱ्या विद्यार्थ्यालाही आता आधी त्याच छापील कागदावर सही करावी लागते.