अर्जात न मावणारं



आपल्या बहुतेक संघटनांच्या कार्यालयात पुस्तकांचं एखादं कपाट असतं. कायद्याच्या पुस्तिका, शिबिरांचे अहवाल, आरोग्याचे तक्ते असा त्यातला ऐवज. हे सगळं लागतंच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा कार्यकर्तीला नीट ठाऊक नसेल, तर दारात आलेल्या बाईला ती नुसता धीरच देऊ शकेल.

पण ती बाई तीन तास बोलते आणि आपण तिचं बोलणं अर्ध्या पानात बसवतो : मारहाण, उपाशी ठेवणं, मानसिक छळ. कोर्टाला तेवढंच लागतं. हळूहळू आपल्या कानांनाही तेवढंच ऐकू यायला लागतं. मला याची काळजी वाटते. ही सवय मोडायची तर कपाटात आणखी काही प्रकारची पुस्तकं यायला हवीत. त्यातली काही इथे सुचवते.

निबंधात पहिलं नाव बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं. सुरतेच्या एका तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. जो दोष बाईच्या माथी मारता तो पुरुषात नाही का, असं त्या एकेक दोष घेऊन विचारतात. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. संतापूनही मुद्दा न सोडता कसं भांडावं, हे त्यात शिकायला मिळतं.

आत्मचरित्रं दोन सुचवते, आणि ती जोडीनेच वाचावीत. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). एकीला घरातल्याच बायकांचे टोमणे सोसत शिकावं लागलं. दुसरीने फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलं. बेबीताई महारवाड्यातली भूक जितक्या रोखठोकपणे सांगतात, तितक्याच रोखठोकपणे तिथल्या सुनांच्या पायात अडकवलेला खोडाही दाखवतात. ‘आपल्या समाजातलं चव्हाट्यावर कशाला?’ असं आजही कार्यकर्तीला ऐकावं लागतं. तिला या पुस्तकाचा मोठा आधार वाटेल. आणि ‘आपण साऱ्या बायका’ असं सहज म्हणताना त्या ‘साऱ्या’त कोण कोण येतं, हे ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की विचारावंच लागतं.

कथांमध्ये विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३). टोपणनावाने आलेल्या या पुस्तकाने तेव्हा मोठं वादळ उठवलं, कारण शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातल्या इच्छा त्यात उघड बोलल्या गेल्या होत्या. आपल्या अर्जात मागण्या असतात. इच्छेसाठी त्यात रकाना नसतो.

कादंबरी म्हणून कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५). ७३ व्या घटनादुरुस्तीने बाईला पंचायतीत जागा दिली. त्या खुर्चीवर बसल्यावर तिचं काय होतं, ते संस्थेत काम करणाऱ्या एका बाईच्या नजरेतून इथे दिसतं. आपल्यासारख्या संस्थांचा कारभारही त्या नजरेतून सुटत नाही. म्हणून तर ती वाचायची.

इतिहासात ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९). आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हे काम उभं केलं. ते वाचून आपल्या भागातल्या म्हाताऱ्या कार्यकर्त्यांकडे वही घेऊन जावंसं वाटलं, तर जरूर जा. त्यांच्यापाशी फार वेळ नाही.

‘वाचायला वेळ कुठाय?’ हा प्रश्न खरा आहे. आपल्या कितीतरी मैत्रिणींना वाचता येत नाही, हेही खरं. पण बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. दुसऱ्यांनी उतरवून ठेवली म्हणून त्यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या मागे, पुस्तकात आली. ऐकणं आणि वाचणं यांत आपण उगीच भिंत घालतो. महिन्याच्या बैठकीत अर्धा तास एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी भाजी निवडत ऐकावं. ‘जिणं आमुचं’पासून सुरुवात केली तर उत्तम. नंतर ‘यातून काय संदेश मिळाला’ असं मात्र विचारू नका. यातलं कुठलं दुःख आपण आजवर कुठल्याच अर्जात लिहिलं नाही, एवढंच विचारा.

या यादीत तुमच्या आवडीचं पुस्तक नसेल, तर भांडणाचं पत्र पाठवा. पुढच्या अंकात छापू.