गल्लीतला केबलवाला आणि 699 चा कागद

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या घरात दोन कागद आले. पहिला फाटकात खोचलेला होता. गुळगुळीत, रंगीत. घरभर वायफाय, 350 टीव्ही वाहिन्या आणि वर सिनेमा-मालिकांची ॲप, सगळे मिळून महिन्याला 699 रुपयांपासून. दुसरा कागद केबलच्या पावतीचा, 380 रुपयांचा. तो घेऊन केबलवाला स्वतः आला होता. एरवी त्याच्याकडचा मुलगा येतो. पैसे मोजून घेतले, पाणी प्यायला, आणि उठता उठता आमच्या अम्मींना म्हणाला, “खाला, या गल्लीतली नऊ घरं गेली. तुम्ही पण काढणार का?”

अम्मींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “हिशेब करून सांगतो.” तोच हिशेब या महिन्यात तुमच्यापुढे ठेवत आहोत, कारण मोमिनपुऱ्यापासून जाफरनगरपर्यंत अनेक घरांत सध्या हाच प्रश्न आहे.

आधी थोडे मागे जाऊ. 1991 च्या आखाती युद्धानंतर आपल्याकडे केबल आली आणि 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाल्यावर घराघरांत शिरली. कडुनिंबाच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळी वायर गेली. ती ओढणारा बहुतेक वेळा मोहल्ल्यातलाच तरुण असे. 1995 मध्ये केबलचा कायदा झाला. 2003 नंतर छत्रीवाल्या कंपन्या आल्या: आधी डिश टीव्ही, 2006 मध्ये टाटा स्काय, 2008 मध्ये एअरटेल. तेव्हाही केबल संपणार असे लोक म्हणत होते. पण केबल टिकली. कारण केबल स्वस्त होती, आणि पावसात छत्रीचे चित्र गेले तरी केबलचे चालू राहत असे. 31 मार्च 2013 ही सेट टॉप बॉक्सची मुदत होती. त्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत आपले नागपूरही होते. बॉक्स बसले, पण वसुलीला येणारा माणूस तोच राहिला.

मोठा बदल 1 फेब्रुवारी 2019 पासून झाला. दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने ठरवले की प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर करायची आणि ग्राहकाने हवी तीच वाहिनी निवडायची. 100 वाहिन्यांसाठी जोडणीचे जास्तीत जास्त 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. झी मराठी, स्टार प्लस, सोनी, कलर्स या वाहिन्यांनी आपला दर तेव्हा 19 रुपये लावला, कारण पॅकमध्ये घालायच्या वाहिनीला तेवढीच मर्यादा होती. पुढच्याच वर्षी 130 रुपयांत 200 वाहिन्या द्याव्यात असे ठरले.

आता या पैशातले केबलवाल्याच्या हाती किती पडते, ते पाहा. 19 रुपयांच्या वाहिनीतले साधारण 80 टक्के, म्हणजे 15 रुपये 20 पैसे, वाहिनीच्या मालकाकडे जातात. उरलेले 3 रुपये 80 पैसे सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी आणि गल्लीतला केबलवाला यांच्यात वाटले जातात. आपल्याकडे अशी मोठी कंपनी म्हणजे उदाहरणार्थ नागपूरचीच यूसीएन. दोघांत वेगळा करार नसेल तर वाटणी 55 आणि 45 अशी होते. म्हणजे गल्लीतल्या माणसाला एका वाहिनीमागे पावणेदोन रुपयांच्या आसपास मिळतात. जोडणीच्या 130 रुपयांतले त्याचे 58 रुपये 50 पैसे. त्यातच वायर, दुरुस्ती, दोन पोरांचा पगार आणि गाडीचे पेट्रोल.

म्हणून “समोरचा स्वस्त देतो, तूही कमी कर” असे आपण त्याला सहज म्हणतो, पण वाहिनीची किंमत कमी करणे त्याच्या हातात नाही. फार तर तो आपल्या 58 रुपयांतले काही सोडू शकतो.

नव्या कंपन्यांचे गणितच वेगळे आहे. त्या मुख्यतः इंटरनेट विकतात आणि वाहिन्या सोबत देतात. रिलायन्स जिओने सप्टेंबर 2019 मध्ये फायबर आणले आणि सप्टेंबर 2023 मध्ये वायरशिवायचे एअरफायबर; त्याच्या 599 च्या प्लॅनमध्येच 550 हून जास्त वाहिन्या देऊ केल्या. एअरटेलने मार्च 2025 मध्ये 2000 शहरांसाठी 699 पासून 350 वाहिन्या जाहीर केल्या. बीएसएनएलही इंटरनेटवरून टीव्ही देऊ लागली आहे. इंटरनेटवर कमाई होत असेल तर टीव्ही जवळपास फुकट देता येतो. केबलवाल्याकडे विकायला मुळात टीव्हीच आहे. त्यातच रिलायन्सने 2018 मध्ये हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्यांत हिस्सा घेण्याचे जाहीर केले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये स्टारच्या वाहिन्याही त्याच समूहाबरोबर एकत्र आल्या. माल बनवणारा, पोचवणारा आणि शेजारचे दुकान चालवणारा एकच असला, तर लहान दुकानदाराने भाव कसा जुळवायचा? शिवाय मोबाईलच्या ॲपवर जे दाखवले जाते, त्याला केबलचे दरनियम लागू नाहीत.

परिणाम दिसतोच आहे. केबल कंपन्यांच्या संघटनेने केलेल्या अहवालानुसार पैसे भरून टीव्ही पाहणारी घरे 2018 मध्ये 15 कोटी 10 लाख होती, ती 2024 मध्ये 11 कोटी 10 लाखांवर आली. ही सगळी घरे नव्या कंपन्यांकडे गेली असे मात्र नाही. काहींनी दूरदर्शनची फ्री डिश लावली. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचे भाडे नाही. अनेक घरांत मुले टीव्हीसमोर बसतच नाहीत, मोबाईलवरच पाहतात.

आता आमच्या घरचा हिशेब. 699 वर 18 टक्के कर धरला की 824 रुपये 82 पैसे होतात. कागदावर कर बारीक अक्षरात होता. केबलचे 380 वजा केले तर 445 रुपये जास्त. पण वायफाय आले तर चार मोबाईलचे पॅक थोडे लहान घेता येतील. त्यात महिन्याला 200 वाचतील असा अंदाज केला. तरी 245 रुपये जास्त, वर्षाला जवळपास तीन हजार. त्या बदल्यात मुलांच्या अभ्यासाला चांगले इंटरनेट. हा सौदा वाईट नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

मग आम्ही आठवडाभर टीव्हीजवळ एक वही ठेवली. जो जे पाहील त्याने ते लिहायचे. सात दिवसांत पूर्ण घराने 14 वाहिन्या पाहिल्या, त्यातल्या सशुल्क फक्त सहा. उरलेल्या पॅकचे पैसे आम्ही किती वर्षे भरत होतो, कुणास ठाऊक! केबलवाल्याला वही दाखवली. त्याने मोबाईल काढून दोन पॅक कमी केले आणि बिल 295 वर आणले. “आधी का नाही सांगितलं?” असे अम्मींनी विचारल्यावर तो हसून म्हणाला, “खाला, तुम्ही कधी विचारलंच नाही.” हे आम्हाला पटले नाही. ग्राहक टिकवायचा असेल तर न विचारता सांगावे लागते, हे त्याला तिथेच ऐकवले.

तक्रार आणखी एक होती. गेल्या पावसाळ्यात दोन दिवस केबल बंद होती आणि त्याने फोन उचलला नव्हता. तीही ऐकवली. त्याने मान खाली घातली. दोनपैकी एक मुलगा काम सोडून गेला होता, असे म्हणाला. घरे कमी झाली म्हणून माणूस कमी, माणूस कमी म्हणून दुरुस्तीला उशीर, आणि उशीर झाला म्हणून आणखी घरे कमी. हे चक्र त्याच्या गळ्याशी आले आहे. आमच्याच गल्लीतल्या दोन घरांची चूल त्यावर चालते.

तो स्वतः आता इंटरनेटही देतो. त्याचे 400 रुपये, कर धरून 472. केबलचे 295 मिळवले तर 767. म्हणजे रंगीत कागदापेक्षा 58 रुपये कमी. वेग थोडा कमी, ॲप नाहीत. ॲप आम्हाला नकोच होती. मुलांना हवी होती.

यात दयेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, असे तुम्ही विचाराल. दयेपोटी वाईट सेवा घेत राहू नये, असे आम्हाला वाटते. पण आजचा भाव हा कायमचा भाव नसतो, हेही लक्षात ठेवावे. 2016 मध्ये जिओचा डेटा सुरुवातीला फुकट होता. आज मोबाईल कंपन्या चार उरल्या आहेत आणि जुलै 2024 मध्ये रिचार्ज महाग झाले. 2023 ची आयपीएल मोबाईलवर फुकट दिसली; 2025 मध्ये त्यासाठी पॅक घ्यावा लागला. गल्लीतली वायर एकदा निघाली की ती परत ओढायला कोणी येणार नाही. मग 699 चे 899 झाले तर आपण कुठे जाणार?

तेव्हा नवी जोडणी घेण्याआधी घरात बसून एवढे विचारा. कर धरून रक्कम किती? बसवण्याचे आणि बॉक्सचे पैसे किती, आणि ते परत मिळणार का? किती महिन्यांचे एकदम भरावे लागतात? सवलत संपल्यावर दर काय? दुसऱ्या टीव्हीचे किती? वीज गेली किंवा नेट बंद पडले तर टीव्हीही बंद पडणार का? आणि बिघाड झाला तर येणार कोण? हेच प्रश्न केबलवाल्यालाही विचारा. त्यालाही सवलत देऊ नका.

आम्ही केबलवाल्याला तीन महिने दिले आहेत. अट एकच: फोन उचलायचा. इंटरनेट लावायला तो स्वतः आला, जिन्यातून वायर नीट खिळवून दिली. परवा मगरीबनंतर चित्र अडकले तेव्हा अम्मींनी फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला, आणि वीस मिनिटांत मुलगा दारात उभा होता. नवा मुलगा होता. अजून दोन महिने बाकी आहेत. रंगीत कागद आम्ही फेकलेला नाही, वहीतच ठेवला आहे.