कॉपी होणारच नाही, असा प्रश्न विचारा
जळकोटमध्ये बसून टॅलीचा ऑनलाइन क्लास काढताय? सगळ्यांना एकच प्रश्न दिलात, तर उत्तर एकजण सोडवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ते सगळ्यांचं होतं. कॅमेऱ्यावर किती पहारा देणार? त्यापेक्षा प्रश्नच बदला: ओळखीच्या किराणा दुकानाची आठवड्याची खरेदी-विक्री टॅलीत भरा आणि दोन मिनिटं स्क्रीन दाखवून समजावून सांगा.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात साधे क्यूआर कोड आणले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं.

कॉपी करून पास झालेल्या पोराला दुकानदारानं एकदा हिशोबाला बसवलं, की तुमच्या सर्टिफिकेटची किंमत अख्ख्या गावाला कळते. पुढची बॅच त्यावरच ठरते.