बांधावरची रुई

रिठदच्या शिवारात सोयाबीनच्या बांधावर उगवलेली रुई आपण शनिवारी मारुतीला वाहतो आणि एरवी तण म्हणून तणनाशकाने जाळतो. त्याच रुईच्या पानांवर ‘प्लेन टायगर’ फुलपाखराची अळी पोसली जाते. त्याच कुळातील ‘ब्लू टायगर’ फुलपाखरे दक्षिण भारतात पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतून पूर्वेकडे जातात, पावसाळा सरताच परततात. हवामानबदलाने पाऊसच बेभरवशाचा झाला, तर त्याच्याशी बांधलेले हे स्थलांतरही विस्कटेल. २०१५ साली राज्य फुलपाखरू घोषित करणारे महाराष्ट्र देशातील पहिले राज्य ठरले. पण घोषणेने अळीचे पोट भरत नाही. तापमानवाढ रोखणे एका गावाच्या हाती नाही, बांध मात्र आहे. चराचरात ईश्वर पाहणाऱ्या समाजाने मारुतीच्या रुईला तेथे हातभर जागा देऊ नये काय?