आरोपी भाजी नव्हे

बेंगळुरूत रानभाज्यांचा विषय निघाला की आक्षेप ठरलेले असतात. कुणी म्हणतो, हे दुष्काळातलं खाणं. कुणी म्हणतो, हा श्रीमंतांचा नवा शौक. तिसऱ्याच्या मते शहरातली रानभाजी म्हणजे विषच.

पहिले दोघे एकमेकांनाच खोडून काढतात. या परिसरात नाचणीच्या शेतात निंदणीला गेलेल्या बायका उपटलेल्या तणातूनच रात्रीची भाजी निवडत आल्या आहेत. कुर्डू, म्हणजे इथलं अण्णे सोप्पू, आणि घोळ, म्हणजे गोणी सोप्पू, अशा पाल्यांची मिसळ ती बेरके सोप्पू. ती डाळीबरोबर शिजवायची, निथळलेल्या पाण्याचं सारू करायचं, उरलेल्या पाल्याची नि डाळीची पल्या, म्हणजे सुकी भाजी; हेच बस्सारू, नाचणीच्या उकडीच्या गोळ्यासोबतचं, म्हणजे मुद्देसोबतचं. हा रोजचा स्वयंपाक आहे. त्यात नाइलाजही नाही आणि शौकही नाही.

तिसरा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. फेसाळणाऱ्या बेळ्ळंदूर तलावाला फेब्रुवारी २०१७ मध्ये आग लागली होती. अशा काठावरचा पाला खाऊ नयेच. त्यात उतरलेले जड धातू शिजवून नाहीसे होत नाहीत. पण वृषभावती नदीच्या सांडपाण्यावर लागवडीच्या भाज्याही पिकतात. तिथे आपण पाण्याला दोष देतो, पालकावर बंदी मागत नाही. मग हा न्याय घोळीला का नाही?

‘यावर शहराचं पोट भरेल का?’ नाही भरणार, आणि तसा दावाही नाही. पोट भरायला नाचणी-तांदूळ आहेत. प्रश्न ताटातल्या वैविध्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार अन्नासाठी ६००० हून अधिक वनस्पतींची लागवड होते, पण एकूण पीक उत्पादनातला ६६ टक्के वाटा अवघ्या नऊ पिकांचा आहे. पालेभाज्यांत क्वचित भरपूर आढळणारं ओमेगा-३ आम्ल घोळीत असतं. तिच्यात ऑक्झलेटही बरंच असतं, म्हणून मुतखड्याच्या रुग्णाने जपून खावी. ओळख नसलेला पाला तर कुणीच तोडू नये.

महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात. ते चांगलंच, पण महोत्सव म्हणजे धोरण नव्हे. बेंगळुरूने तलावकाठच्या मातीची तपासणी करून निकाल जाहीर करावेत, बांधांवर तणनाशक मारणं थांबवावं आणि काठ निर्धोक असेल तिथे पाला खुडणाऱ्या बायकांना तलावाच्या कुंपणाआत येऊ द्यावं. ज्या तळ्याकाठची घोळ खाता येत नाही, त्याला ‘पुनरुज्जीवित’ म्हणण्याचा हक्क पालिकेला नाही.