कार्ड जुनं झालं, एवढं कारण पुरत नाही

ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांचं झालं की बदलायचंच, हे मत हल्ली इतक्या ठामपणे मांडलं जातं की त्याला पुरावा मागायचंच लोक विसरले आहेत. उलट घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, कॉम्प्युटर सुरू होतोय ना, मग खर्च कशाला? मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. दोन्ही पक्षांनी कॉम्प्युटरकडे न बघताच निकाल दिलेला आहे.

पहिल्या पक्षाचा सगळा भर वयावर. जीटीएक्स १०६० चंच उदाहरण घेऊ. एनव्हीडियाचं हे कार्ड जुलै २०१६ मध्ये आलं आणि आपल्याकडच्या कितीतरी असेंबल केलेल्या पीसींमध्ये ते आजही काम करतंय. ते मोडीत काढा म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठल्या मॉनिटरसाठी आणि कुठल्या गेमसाठी? १९२० बाय १०८० च्या पडद्यावर एका फ्रेममध्ये सुमारे २१ लाख पिक्सेल काढावे लागतात, फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. हेच कार्ड पहिल्या पडद्यावर व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ व्यवस्थित चालवतं आणि दुसऱ्यावर नवे गेम सुरू केले की धापा टाकतं. पडदा बदलला की कार्डाची लायकी बदलते. वय दोन्हीकडे तेच असतं.

मग म्हणतात, ‘गेम अडकतोय, म्हणजे कार्ड कमी पडतंय.’ सर्वांत जास्त पैसे या एका समजुतीपायी वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. फ्रेम एकटं कार्ड तयार करत नाही. कोण कुठे आहे, कुठली वस्तू कुठे सरकली, याचा हिशेब आधी प्रोसेसर करतो आणि काय काढायचं ते कार्डाला सांगतो. प्रोसेसरच मागे पडला तर कार्ड रिकामं बसून राहतं. लाटणाऱ्याचा हात मंद असेल तर मोठा तवा आणून पोळ्या लवकर होत नाहीत.

हे तपासायला एक पैसाही लागत नाही. गेमचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर ओझं खरोखरच कार्डावर होतं. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर कार्ड निर्दोष आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही कार्डाचा वापर दिसतो. खेळताना तो सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर दुकानात जायला कारण आहे. तो निम्म्यावर रेंगाळत असेल आणि फ्रेमही कमी असतील, तर खोट दुसरीकडे शोधा. अनेक घरांत ती रॅममध्ये सापडते. आठ जीबीची एकच स्टिक लावलेली असते आणि दुसरा स्लॉट मोकळाच राहिलेला असतो. तशीच दुसरी स्टिक लावली की मेमरी दुप्पट होते आणि दोन मार्गांनी वापरली जाते. कधी गेम जुन्या हार्ड डिस्कवर असतो. कधी पंख्यात इतकी धूळ साचलेली असते की एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कार्ड तापून आपला वेग स्वतःच कमी करतं.

‘नव्या मालिकेतलं घ्या, आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी’ हा सल्ला तर नावापलीकडे जातच नाही. १०६० च्याच दोन आवृत्त्या होत्या. सहा जीबीच्या कार्डात १२८० कोअर होते, तीन जीबीच्या कार्डात ११५२. म्हणजे मेमरीबरोबर चिपही कमी केलेली होती, नाव मात्र तेच. २०२१ चं आरटीएक्स ३०६० बारा जीबीचं होतं. २०२३ चं ४०६० आठ जीबीचं निघालं. एएमडीने जानेवारी २०२२ मध्ये आणलेलं आरएक्स ६५०० एक्सटी चार जीबीचं, आणि मदरबोर्डशी फक्त चार लेननी जोडलं जाणारं. पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डावर त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि मेमरी भरली की गेम गचके खातो. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बोर्ड बहुतेकदा जुनाच असतो, त्यामुळे फटका नेमका त्यालाच बसला. ग्राहकावर हा अन्याय आहे असं मी मानतो.

भविष्याची तरतूद म्हणून महागडं कार्ड घ्यावं, हेही मला पटत नाही. २०२० चं ३०७० हे ३०६० पेक्षा निश्चितच वेगवान आणि बरंच महाग. पण त्यात मेमरी आठच जीबी. आज टेक्स्चर पूर्ण चढवलेल्या काही गेममध्ये ते आठ जीबी अपुरे पडतात.

आता दुसरा पक्ष. चाललंय ना, मग राहू दे. यातही तथ्य अर्धंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ यांना रे ट्रेसिंगची सोय हार्डवेअरमध्येच लागते. १०६० मध्ये ती नाही. तिथे सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग नाही. शिवाय एनव्हीडियाने या पिढीसाठीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील, एवढंच. घरात कोणी ब्लेंडर शिकत असेल आणि त्याचा सीन कार्डाच्या मेमरीत मावत नसेल, तर ते कार्ड त्याचं शिक्षणच अडवून बसलेलं आहे. आणि केवळ खेळण्यासाठी घेतलं तरी त्यात कमीपणा कसला? दिवसभर राबून आलेल्या माणसाने रात्री तासभर आवडीचा गेम नीट खेळावा, याला मी उधळपट्टी म्हणणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी चाचणी घ्या. कार्ड दोषी ठरलं तर टेक्स्चर आणि सावल्या एक पायरी उतरवा, गेममध्ये एएमडीचं एफएसआर असेल तर ते चालू करून बघा. ते १०६० वरही चालतं. तेवढ्याने काम भागत असेल तर पैसे खिशात राहू द्या. भागत नसेल तर निःशंक मनाने कार्ड बदला, पण आधी मेमरी बघा. आज नवं कार्ड आठ जीबीचं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. २०२५ चं ५०६० टीआय एकाच नावाने आठ आणि सोळा जीबीत मिळतं. बिलावर कुठलं लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा.

सेकंडहँड घ्यायचं तर मूळ बिल मागा आणि कार्ड अर्धा तास लोडवर चालवून दाखवायला सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांतली सगळी खराब नाहीत, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असू शकतात.

वॅटचा हिशेबही खरेदीआधीच करा. १०६० ला १२० वॅट लागायचे, ४०६० ला ११५, पण ५०७० ला २५० लागतात. एसएमपीएस जुना, बिननावाचा असेल तर त्याची किंमत कार्डाच्या किमतीत धरा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मोठं कार्ड पूर्ण जोरात चालू असताना वीज गेली तर तो कॉम्प्युटर सावरून धरेलच असं नाही, आणि वीज कुठल्या क्षणी जाईल हे आपल्याकडे कोणी सांगून ठेवत नाही.