लांब तारेच्या टोकाला

ज्या गृहस्थाच्या घरची टेलिफोनची तार एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरांची वाट चालून, मधले ओढे आणि बांध ओलांडून, कित्येक वर्षांत कोणी न उघडलेल्या एखाद्या पिलरमधून वळसा घेऊन दाराशी येते, त्याने ब्रॉडबँडसाठी मॉडेम विकत घेताना खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा मुळीच वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत चौक, वावोशी, कडाव, कशेळे अशा गावांच्या मूळ वस्तीत राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. परंतु गावापासून फुटून निघालेल्या वाड्या आणि माळावरची एकाकी घरे यांपैकी जी अजून तांब्याच्या तारेवर विसंबून आहेत, त्यांच्यासाठी हा मजकूर आहे.

मोठमोठे प्रवाह दारावरून जावेत आणि दाराशी थेंब पडावा, हा या मुलखाचा जुना शिरस्ता आहे. खोपोलीच्या केंद्रात 1915 साली निर्माण होऊ लागलेली वीज घाटाखालच्या खेड्यांसाठी नव्हे, तर मुंबईच्या गिरण्यांसाठी होती, आणि 1922 साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले तेही मुंबईचीच भूक भागविण्यासाठी. तेव्हा द्रुतगती महामार्गाच्या शेजारी राहूनही संदेश मंदगतीने यावेत, याबद्दल येथील माणूस फारसा आक्रोश करीत नाही. माझी तक्रार अधिक मर्यादित आहे: अशा तारेच्या टोकाला बसलेल्या ग्राहकाला ज्या दोन आकड्यांच्या आधारे शहाणपणाने खरेदी करता आली असती, ते आकडे त्याला कोणी आपण होऊन सांगत नाही.

पहिला आकडा क्षीणनाचा, ज्याला मॉडेमच्या पडद्यावर ‘ॲटेन्युएशन’ म्हणतात. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एडीएसएलचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा, संदेश दर किलोमीटरला ढोबळ मानाने 14 डेसिबल झिजतो. तार त्याहून बारीक असली तर अधिकच. डेसिबलचा हिशेब असा निर्दय आहे की दर दहा डेसिबलांमागे शक्ती एकदशांश होते, म्हणजे 60 डेसिबलांच्या तारेवर एक्सचेंजमधून निघालेल्या शक्तीचा दहा लाखावा हिस्सा काय तो घरी पोहोचतो. दुसरा आकडा ‘एसएनआर मार्जिन’चा, म्हणजे संदेश गोंगाटातून वेगळा ओळखू येण्यासाठी जेवढा वर उठलेला हवा त्याहून किती शिल्लक उरतो याचा. ही शिल्लक सामान्यतः सहा डेसिबल राखावी असा प्रघात आहे. ती दोन-तीनवर आली की शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू होण्याचे निमित्तही संपर्क तुटायला पुरते. पहिला आकडा तारेचा स्वभावधर्म आहे, कोणताही मॉडेम तो पालटू शकत नाही. दुसरा मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. सांध्यांत पाणी शिरले की मे महिन्यातील समाधानकारक शिल्लक जुलैत दिसेनाशी होते, म्हणून आमच्याकडे मॉडेमची परीक्षा घ्यावयाची ती भर पावसाळ्यात.

लांब तारेच्या टोकाशी जिंकतो तो बोलणारा नव्हे, ऐकणारा, हे सत्य जगाला फार महाग पडून कळले. 1858 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची तार पडली, तेव्हा कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाऊस, जे मूळचे शल्यवैद्य होते, यांची अशी दृढ समजूत होती की संदेश अस्पष्ट येत असेल तर दाब वाढवावा. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा मारा केला, आणि आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांत कायमची मुकी झाली. उलट विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झाले, यांनी एका चिमुकल्या आरशावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशकिरणाच्या हालचालीने अत्यंत क्षीण प्रवाहही टिपणारे यंत्र निर्माण केले होते. 1866 साली नवी तार कायमची यशस्वी झाली, तेव्हा वाचन झाले ते थॉमसन यांच्याच यंत्रावर. आजचा दुकानदार मात्र व्हाइटहाऊस यांचाच अनुयायी आहे. बाजारात गेलो असता काउंटरवरच्या तरुणाने मोठ्या आदराने सांगितले, “काका, हाच घ्या, चार अँटेना आहेत, 1200 चा स्पीड आहे.” त्या चार अँटेना माजघरापासून पडवीपर्यंत काय पोहोचवायचे ते पोहोचवतील, परंतु पडवीच्या भिंतीतून जे दीड मेगाबिट आत येते, त्याचे त्या दोन करू शकत नाहीत.

खरेदी करताना विचारावयाचे ते असे, की मॉडेमच्या आतील चिप कोणत्या घराण्याची आहे, आणि आपल्या एक्सचेंजमधील यंत्राशी तिचे जमते काय. हे खोक्यावर सापडत नाही. गावच्या लाईनमनला ठाऊक असते, कारण कोणत्या घरी कोणत्या डब्यावर ‘डीएसएल’चा दिवा स्थिर राहतो, हे त्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. एडीएसएल2+ हा प्रकार संदेशासाठी 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतो. पण लांब तारेवर वरच्या कंप्रता वाटेतच विरून जातात, त्यामुळे त्याची 24 मेगाबिटांची ग्वाही दूरच्या ग्राहकासाठी कागदावरच राहते. व्हीडीएसएल या त्याहून वेगवान प्रकाराची मातब्बरी तर एक्सचेंजपासून एक-दीड किलोमीटरच्या आतली. या दोहोंसाठी अधिक पैसे मोजू नयेत. मोजावयाचेच तर मार्जिनची मर्यादा हाताने वाढवता येणाऱ्या मॉडेमसाठी मोजावेत, कारण दोन मेगाबिटांवर दिवसातून दहा वेळा तुटणाऱ्या जोडणीपेक्षा सव्वा मेगाबिटावर अहोरात्र टिकणारी जोडणी मी केव्हाही पसंत करीन.

तथापि पैसे मोजण्यापूर्वी भिंतीवरचा रोझेट, म्हणजे बाहेरची तार जेथे जोडलेली असते तो डबा, उघडून पाहावा. माझ्या परिचयातील एका घरी तो उघडला, तेव्हा आत मुंग्यांनी आणलेली माती होती, स्क्रूखाली पिळून दाबलेल्या तांब्यावर हिरवा कळंक चढला होता, आणि त्याच स्क्रूला बांधलेली दुसरी एक तार, जी आजोबांच्या हयातीत माडीवरच्या जादा टेलिफोनसाठी नेली होती, ती माडी पाडल्यावरही छपराखाली लोंबकळत राहून येईल तो गोंगाट गोळा करीत होती. ती जोडतार काढली, टोके खरवडून नव्याने आवळली, स्प्लिटर बदलला, आणि जुन्याच मॉडेमवर मार्जिन पाच डेसिबलांनी वाढली.

उरला राउटर. मंद जोडणीवर खरा जाच उतरण्यापेक्षा चढण्याचा असतो: वरच्या दिशेला सेकंदाला 256 किलोबिट मिळत असतील, तर चार मेगाबाइटचा एकच फोटो पाठवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मुलाचा ऑनलाइन वर्ग, आजीचा व्हिडिओ कॉल आणि तालुका कचेरीच्या दाखल्याचा अर्ज असे सगळे, रेशनच्या दुकानात एकाच गिऱ्हाइकाची दहा पोती मोजली जात असताना मागे तिष्ठणाऱ्या रांगेसारखे, ताटकळतात. ही रांग न्यायाने चालविणारे राउटर आता मिळतात. तो गुण चार अँटेनांहून मोलाचा आहे. म्हणून मॉडेम आणि राउटर हे दोन वेगळे डबे असावेत, असे मी सुचवीन. मॉडेम तार घरात शिरते तेथेच ठेवावा, राउटर घराच्या मध्यभागी, आणि मधे साधी इथरनेटची केबल टाकावी, जी शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार काम करते.

सरकारने 2004 च्या धोरणात सेकंदाला 256 किलोबिटांना ब्रॉडबँड म्हटले, 2013 मध्ये ती मर्यादा 512 वर नेली, आणि जानेवारी 2023 पासून दोन मेगाबिटांवर. म्हणजे व्याख्येप्रमाणे पाहिले तर सव्वा मेगाबिटाची जोडणी असलेले घर आता ब्रॉडबँडधारक राहिलेच नाही, बिलाच्या मथळ्यावर मात्र आहे. व्याख्या वाढवावी, त्याला हरकत नाही. परंतु वीज घेणाऱ्याच्या घरी मीटर असतो आणि वाचन त्याच्या डोळ्यांसमोर होते, तसे जोडणी देताना तारेची लांबी, क्षीणन आणि मार्जिन हे तीन आकडे ग्राहकाच्या हाती लेखी द्यावेत, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजून द्यावेत, एवढी सक्ती सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीवर करायला नियामकाला नवे यंत्र आणावे लागत नाही. आकडे मॉडेममध्ये आहेतच, ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा मॉडेमच्या तळाशी लिहिलेला पत्ता घालून ‘स्टेटस’चे पान उघडले की कोणालाही दिसतात.

आणि ज्यांच्या वाडीपर्यंत फायबर येत्या वर्षा-दोन वर्षांत येण्याची चिन्हे आहेत, त्यांनी तर मॉडेमवर कमीत कमी खर्च करावा, शक्य तर लाईनमनच्या ओळखीने वापरलेलाच घ्यावा. फायबर आल्यावर तो निरुपयोगी होईल, राउटर मात्र तोच चालेल.